पत्री, सुरवंट आणि अंगावरचे पुरळ

(मंडळाच्या आरोग्य समितीतर्फे श्रावणात सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती आता पंधरा दिवसांवर आले. मखराची तयारी सुरू झाली असेल. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुले पिशव्या घेऊन पत्री गोळा करायला निघतील. बेल, बोर, डाळिंब, रुई, आघाडा शोधत कुंपणाकुंपणाने हिंडतील. आपल्यातली गोव्याकडची मंडळी माटोळीसाठी रानातली फळे-पाने आणतील. याच दिवसांत झाडांवर सुरवंटही भरपूर असतात. अंगभर पुरळ उठलेली मुले याच दिवसांत आम्हा दोघांच्या दवाखान्यात जास्त येतात. म्हणून समितीने आम्हाला हा विषय दिला.

विषय साधा वाटेल. ‘सुरवंट लागला, खाज सुटली, दोन दिवसांत जाईल,’ असे आपण म्हणतो, आणि पुष्कळदा तसे होतेही. पण पहिल्या पाच मिनिटांत आपण जे करतो, त्यावर पुढचे पाच दिवस कसे जाणार ते ठरते. आणि डोळ्याचा प्रश्न असेल तर त्याहून पुष्कळ अधिक ठरते.

आधी नावाविषयी थोडे. आपण बेळगावकर याला सुरवंट म्हणतो. शेजारी कानडीत तो ‘कंबळीहुळू’, म्हणजे घोंगडीतला किडा. इंदूरकडे हिंदीत ‘कंबल कीडा’ म्हणतात, आणि हैदराबादेत तेलुगूत ‘गोंगळी पुरुगु’. त्या गोंगळीचा अर्थही घोंगडीच. तिन्ही भाषांनी त्याच्या अंगावरचे केसच पाहिले आणि ते बरोबरच आहे, कारण सारा त्रास त्या केसांचा आहे. सुरवंट चावत नाही. त्याचे बारीक केस सहज तुटतात, आपल्या कातडीत रुततात आणि त्यांतल्या द्रव्याने दाह होतो.

यातून एक गोष्ट निघते. त्रासासाठी सुरवंट अंगावर चढलाच पाहिजे असे नाही. केस वाऱ्याने उडतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. सुरवंट मेला, कात टाकून गेला किंवा त्याने कोश विणला, तरी केस तिथेच राहतात. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट रात्री पाला खातात आणि दिवसा खोडावर घोळक्याने बसतात. त्या झाडाखालच्या दोरीवर वाळलेला सदरा घातला की मानेवर आणि काखेत पुरळ उठते. घरात कोणी सुरवंट पाहिलेला नसतो, म्हणून मग ‘काहीतरी खाण्यात आले’ असे ठरते आणि वांगे बंद होते.

आता ओळखायचे कसे? पुरळ काही मिनिटांत ते काही तासांत उठते. तांबूस, बारीक पुटकुळ्या किंवा गांधी येतात आणि खाज फार असते. मान, मनगट, कोपराची आतली बाजू, पोट अशा जागी, अनेकदा पुंजक्याने किंवा ओळीने त्या दिसतात. काही दिवसांत, क्वचित एक-दोन आठवड्यांत, त्या विरतात.

याच्याशी गल्लत होणारे चार विकार ध्यानात ठेवा. गजकर्ण गोल असते, कडेने वाढते आणि त्याला दिवस-आठवडे लागतात. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत असते आणि घरातली इतर माणसेही खाजवत असतात. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने येते आणि पुरळाच्या आधी तिथे दुखू लागते. चौथा प्रकार पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती येणाऱ्या, मुंगीसारख्या लांबट काळ्या-तांबड्या किड्याचा. तो अंगावर चिरडला की एक-दोन दिवसांनी चटका बसल्यासारखा लांबट पट्टा उठतो आणि खाजेपेक्षा आग जास्त होते.

सुरवंटांतही दोन जाती लक्षात ठेवा. एक केसाळ, खाज आणणारी. दुसरी जाड, बहुधा हिरवी, गोगलगायीसारखी सरकणारी आणि अंगावर काटे असलेली. आंबा, नारळ, एरंड यांच्या पानांमागे ती सापडते. तिचे काटे पोकळ आणि विषारी असतात, त्यामुळे हात लागताच विंचू चावल्यासारखी कळ येते. 2022 साली सोलापूर आणि बीडकडे ‘घोणस अळी’ म्हणून जिची भीती पसरली, ती याच कुळातली. नाव सापाचे, त्यामुळे मोबाइलवर मृत्यूच्या अफवाही फिरल्या. वेदना खरी असते, काही जणांना दवाखान्यात जावेही लागते, पण बहुतेकांना साध्या उपचाराने उतार पडतो.

आता उपचार. पहिला नियम असा की चोळू नका, खाजवू नका आणि सुरवंट अंगावर चिरडू नका. घोंगडीने किंवा गोणपाटाने घासण्याची जुनी पद्धत आहे. तिने केस आणखी तुटतात आणि खोल जातात. सुरवंट अंगावर असेल तर काडीने किंवा चिमट्याने उचलून दूर करा.

दुसरे, कपडे जपून उतरवा. सदरा डोक्यावरून ओढताना केस तोंडावर आणि डोळ्यांत पडू शकतात. बटणे सोडून काढा, गरज पडली तर बनियन कापून काढा. हे कपडे वेगळे धुवा.

तिसरे, आणि सर्वांत उपयोगी, म्हणजे चिकटपट्टी. पार्सलला लावतो ती घरात असतेच. पट्टी जागेवर हलकेच टेकवा आणि उचला. प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्या आणि पाच-सहा वेळा असे करा. डोळ्यांनी न दिसणारे केस त्यावर निघून येतात. तेल, हळद, चुना, काहीही आधी लावू नका. तेलावर पट्टी चिकटत नाही, आणि चुन्याने कातडी भाजते. रॉकेल तर नकोच.

चौथे, साबण आणि वाहते पाणी. टॉवेलने पुसू नका, अंग आपोआप वाळू द्या. मग कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरा आणि कॅलामाइन लावा. खाज फार असेल तर मोठ्या माणसाला सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा चालते. तिने झोप येऊ शकते, म्हणून ती घेऊन गाडी चालवू नका. मुले, गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

एक कळकळीची विनंती. दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका. त्यांतल्या अनेकींत तीव्र स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र असते. दोन दिवस बरे वाटते. पण पुरळ खरे तर गजकर्णाचे असेल तर ते दबून पसरते, आणि तीच ट्यूब चेहऱ्यावर लावत राहिले तर कातडी पातळ पडते.

आता डोळा. काही केसांना कुसळासारखे उलट काटे असतात. कुसळ धोतरात शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. डोळ्यातला केसही तसाच आत जाऊ शकतो, आणि पुढे कित्येक आठवड्यांनी डोळा आतून सुजू शकतो. म्हणून डोळा चोळायचा नाही. मुलाचे हात धरून ठेवा. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. उद्या सण आहे म्हणून थांबू नका. घरात पडलेले जुने थेंब घालू नका. लाली उतरली तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दाखवायला जा.

आणखी तीन वेळा घरी थांबायचे नाही. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, धाप लागली, चक्कर आली, तर लगेच 108 ला फोन करा. रांगत्या बाळाने सुरवंट तोंडात घातला आणि लाळ गळते आहे, दूध-पाणी घेत नाही, तर सरळ रुग्णालयात जा. आणि पुरळात पू झाला किंवा ताप आला, तरीही डॉक्टरांना दाखवा.

शेवटी पत्रीचे. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. पान तोडण्याआधी ते उलटून पाहायला शिकवा. घरी आल्यावर पत्री अंगणातच झटका, पाण्यात बुडवून दोनदा धुवा आणि मग देवघरात न्या. मंडपासाठी फांद्या आणणाऱ्या कार्यकर्त्यांनाही हेच सांगणे. शेवग्याखाली कपडे वाळत घालू नका. खोडावरचे घोळके पलित्याने जाळू नका, केस वाऱ्यावर उडतात. जागा झाडायची असेल तर आधी पाणी शिंपडा आणि नाक-डोळे झाका.

आणि बालमित्रांनो, दिसेल ती अळी मारू नका. लिंबावरची गुळगुळीत हिरवी अळी कोणालाही त्रास देत नाही, तिचे फुलपाखरू होते. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले नीलवंत याच कुळातले. केसाळ आणि काटेरी अळीला हात लावायचा नाही, आणि बाकीच्यांना लांबून पाहायचे, एवढे जमले तरी पुरे.

यंदा मंडपातल्या प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेजशेजारी चिकटपट्टीचे एक रीळ आणि कॅलामाइनची बाटली ठेवावी, अशी आमची समितीला सूचना आहे. खर्च किरकोळ आहे. आरतीच्या वेळी एखादे मूल रडत आले, तर काय करायचे ते आता आपल्या सर्वांना माहीत आहे.

गणपती बाप्पा मोरया!