मैत्रीण की गाव?



पॅरिस येथील डोन्टनॉड संस्थेचा, २०१५ साली पाच भागांत निघालेला ‘लाइफ इज स्ट्रेंज’ हा व्हिडिओ गेम नातीने मला खेळावयास लावला. त्यातील मॅक्स या मुलीस काळ मागे फिरविता येतो. केलेली निवड बदलता येते. मात्र अखेरीस गावावर वादळ येते आणि मैत्रीण क्लोईला वाचवावे की अवघ्या गावाला, हे ठरवावे लागते. (शेवट सांगितल्याबद्दल तरुण मंडळींनी क्षमा करावी.) मी गाव वाचविले, नातीने मैत्रीण. इतरांनी काय निवडले, त्याचे शेकडा प्रमाणही पडद्यावर दिसते. आमचा वाद त्याने मिटेना.

“आजोबा, त्या गावातल्या कितीजणांशी तुम्ही बोललात?”

फारसा कोणाशीच नाही. घाईने पुढे गेलो होतो. सांप्रत पहिला भाग पुन्हा खेळत आहे.