मदतीचा पैसा कुठे अडतो?

(अमरावतीतल्या युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'तंत्रज्ञान आणि समाज'. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून असेल. मी त्यांना विचारलं, लैंगिक अत्याचारानंतर मुलीला सरकारी मदत कशी मिळते आणि त्या मदतीचा पैसा कुठून येतो, यावर बोललो तर चालेल का? ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग हो म्हणाले. त्यांचे मनापासून आभार.

मी या विषयाकडे कसा आलो ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका मामूंचा फोन आला. "बेटा, तुमको वो सरकारी फॉर्म भरना आता ना?" मला वाटलं, स्कॉलरशिपचा असेल. पण त्यांच्या भाचीवर अत्याचार झाला होता. एफआयआर झाली होती, आरोपी आत होता. राहिला होता तो मदतीचा अर्ज. गाव आणि नातं मी इथे बदललंय आणि घरच्यांना विचारूनच बोलतोय. तुम्हीही बाहेर जाऊन 'कोण असेल बरं' असा अंदाज लावत बसू नका. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

अर्ज तसा सोपा होता. अडलं ते नावावर. आधारवर 'शेख', पासबुकवर 'शैख', शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'एस. के.'. तुम्ही हसताय, कारण तुमच्याही घरात हेच आहे. आम्हाला सांगण्यात आलं, आधी सगळीकडे एकच नाव करून आणा. त्यात काही महिने गेले.

त्या महिन्यांत ती मुलगी झोपत नव्हती. एका केंद्रात समुपदेशक ताई होत्या, त्यांच्याशी ती बोलायला लागली होती. ताईंची नोकरी कंत्राटी होती. मानधन कित्येक महिने आलं नव्हतं, म्हणून त्यांनी काम सोडलं. नवीन ताई आल्या, तेव्हा मुलीला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं. तिने नाही सांगितलं. पुढे ती केंद्रात गेलीच नाही.

शेवटी पैसे आले. मामूंनी फोन करून सांगितलं. मी विचारलं, ती कशी आहे? म्हणाले, "चुप रहती है."

आज माझं म्हणणं एवढंच आहे, की भरपाईचा पैसा आणि मदत करणाऱ्या माणसाचा पगार हे दोन वेगळे खर्च आहेत. पहिल्याबद्दल आपण थोडंफार बोलतो, दुसऱ्याबद्दल कोणीच विचारत नाही.

हा पैसा आला कुठून, ते बघू. सुरुवात आपल्या विदर्भातूनच करावी लागते. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शिक्षा वाढली, पुराव्याचे नियम बदलले. पण तिला दवाखान्यात कोण नेणार, ती राहणार कुठे, तिच्याशी बोलणार कोण, यासाठी त्या कायद्यात एक रुपयाचीही तरतूद नव्हती.

ती तरतूद यायला पंचवीस-तीस वर्षं लागली. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं. सरकारी दवाखान्यातच समुपदेशक बसवायचा, ही त्यामागची कल्पना. बाई जखम दाखवायला येते, तिथेच तिला ऐकणारं माणूस भेटतं. वेगळ्या ऑफिसची पायरी चढावी लागत नाही. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या पैशातून हीच पद्धत मुंबईतल्या आणखी ११ रुग्णालयांत गेली.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीची घटना घडली. २०१३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने मनोधैर्य योजना आणली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यातल्या पीडितांसाठी ती होती. आधी त्यात २ ते ३ लाख मिळायचे. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं, शेजारच्या गोव्यात १० लाखांपर्यंत मदत मिळते याकडे बोट दाखवलं, आणि २०१७ मध्ये आपल्याकडेही कमाल रक्कम १० लाख झाली. ही योजना आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. मंजूर रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो.

२०१५ पासून केंद्र सरकारची सखी वन स्टॉप सेंटर सुरू झाली, तीही निर्भया निधीतून. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय, हे सगळं एका छताखाली मिळावं, अशी ती योजना. अमरावतीत आणि अकोल्यातही असं केंद्र आहे.

म्हणजे कागदावर आपल्याकडे बरंच काही आहे. मग अडतं कुठे?

निर्भया निधीचाच हिशेब घ्या. २०२३-२४ पर्यंत या निधीतून सुमारे ७,२०० कोटी रुपये दिले गेले आणि त्यातले जवळपास ७० टक्के वापरले गेले, असं सरकारचेच आकडे सांगतात. दहा वर्षांनंतरही तीस टक्के पडून. आणि वापरलेल्यातलाही मोठा हिस्सा मोठ्या शहरांचे सेफ सिटी प्रकल्प, रेल्वे स्टेशनवरचे कॅमेरे, आपत्कालीन कॉल सेंटर यांकडे गेला. मी स्वतः सिस्टीम बनवतो, त्यामुळे हे कसं होतं ते मला कळतं. कॅमेरा खरेदी करता येतो, टेंडर निघतं, उद्घाटन होतं, फोटो येतो. समुपदेशकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याची फीत कापता येत नाही.

आता नकाशा बघा. धारणीपासून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये मेळघाटचा रस्ता. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. केंद्र साधारणपणे जिल्ह्याला एक. तेल्हाऱ्याच्या किंवा पातूरच्या मुलीला अकोल्याला यायचं, तर सोबत एक मोठं माणूस हवं, त्या दिवसाची मजुरी बुडणार, गाडीभाडं लागणार. दहा लाखांच्या योजनेत या पहिल्या दोन-तीनशे रुपयांची सोय कोणी करायची?

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत 'मदतनीस व्यक्ती' आहे. तपासापासून निकालापर्यंत ती मुलासोबत असायला हवी आणि तिचं मानधन सरकारने द्यायचं आहे. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी हे ऐकलं होतं? हात वर करा. दोन. कोर्टात एकट्या पडलेल्या आईबापांनाही हे माहीत नसतं.

आता आपल्या घरातलं बोलू.

पहिला आक्षेप मला आपल्याच एका बुजुर्गांनी घेतला. म्हणाले, आपल्याकडे जकात आहे, बैतुलमाल आहे, सरकारपुढे हात कशाला पसरायचा? मी त्यांना म्हटलं, चाचा, जकातीतून तिचं घरभाडं, शिक्षण जरूर होऊ द्या. पण जकात पुराव्याचे नमुने सीलबंद करत नाही, डॉक्टरला साक्षीला बोलवत नाही, रात्री दोन वाजता संरक्षण देत नाही. आणि मदत कमिटीकडून मिळणार असेल, तर त्या मुलीला कमिटीसमोर उभं राहावं लागेल. कमिटीत सगळे तिच्याच मोहल्ल्यातले. आपण काडीपेटीपासून मोबाइलपर्यंत सगळ्यावर कर भरतो. त्या पैशातून उभी राहिलेली सेवा मागणं हा तिचा हक्क आहे, त्यात हात पसरण्यासारखं काही नाही.

दुसरा आक्षेप समझोत्याचा. चार मोठी माणसं बसतात, पैसे ठरतात, कधी कधी निकाहच ठरवतात. नीट ऐका. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड कायद्याला मान्य नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलामुलीच्या बाबतीत माहीत असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, मग ते चार जण कितीही इज्जतदार असोत. अत्याचार मुलांवरही होतात, आणि तिथे तर आपण आणखी गप्प बसतो.

तिसरा आक्षेप खरा आहे, मी तो टाळणार नाही. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि अकोल्यात मे २०२३ मध्ये जे झालं, त्यानंतर आपल्या वस्त्यांतल्या अनेकांना पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते. आरोपी आपला असेल तर अख्खी कौम बदनाम होईल अशी धास्ती, आणि आरोपी दुसरा असेल तर तिच्या दुःखाचा मोर्चा होईल अशी. त्यात मुलगी घरातच राहते.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उपचारासाठी आधी एफआयआर लागत नाही. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर लगेच आणि मोफत उपचार करायचे आहेत, नाकारले तर शिक्षा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, तो कायद्याचा भाग आहे, पण त्यासाठी तिला आधी ठाण्यात जावं लागत नाही. अमरावतीत इर्विन आणि डफरीन, अकोल्यात सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग, हे दरवाजे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहेत. दोन, सखी केंद्रात जायलाही एफआयआरची अट नाही. १८१ वर फोन करता येतो. विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००, आणि स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

बिल्किस बानो यांचा खटला मुंबईत चालला, हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ५० लाख रुपये द्यायला सांगितले, सोबत नोकरी आणि घरही. घटना २००२ ची. सतरा वर्षांनी का होईना, कोर्टाने मान्य केलं की नुसत्या रकमेने आयुष्य पुन्हा उभं राहत नाही. ते प्रत्येकीसाठी मान्य व्हायला हवं, आणि पहिल्या आठवड्यात व्हायला हवं.

शेवटी काम सांगतो, कारण नुसतं भाषण ऐकून जेवायला जायचं नाही.

पहिलं काम माहिती अधिकाराचं. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून दोन वेगळे अर्ज करू. एक महिला व बालविकास कार्यालयाकडे: सखी केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, मानधन शेवटचं कोणत्या महिन्याचं दिलं, वर्षभरात निधी किती आला आणि किती खर्च झाला. दुसरा विधी सेवा प्राधिकरणाकडे: मनोधैर्यचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले, पैसे मिळायला किती दिवस लागले. कोणाचंही नाव मागायचं नाही, फक्त आकडे. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांचे.

दुसरं, ते आकडे घेऊन जिल्हा नियोजन समितीकडे जायचं. आपल्याच जिल्ह्यातल्या यशोमती ठाकूर महिला व बालविकास मंत्री असताना जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला आणि बालकांच्या योजनांसाठी ठेवायचा निर्णय झाला. त्यातला किती भाग इमारतींवर जातो आणि किती माणसांवर, हे पालकमंत्र्यांना विचारू. मागणी साधी ठेवू: समुपदेशकाचं मानधन वेळेवर, आणि तालुक्याहून येणाऱ्या मुलीला येण्या-जाण्याचं भाडं.

तिसरं काम घरचं. आजच घरी जाऊन अम्मीचं, बहिणीचं, स्वतःचं नाव सगळ्या कागदांवर तपासा आणि एकसारखं करून घ्या. आपल्या मोहल्ल्यात निदान दोन जण असे तयार व्हा, त्यातली एक मुलगी, ज्यांना हे नंबर पाठ आहेत आणि जे रात्री सोबत जायला तयार आहेत. सोबत जायचं, बाहेर थांबायचं, तिने सांगितल्याशिवाय काही विचारायचं नाही.

मला फॉर्म भरता येत होता, म्हणून मामूंनी मला फोन केला. त्यांच्या भाचीला तेव्हा त्या जुन्या ताई हव्या होत्या. त्यांचं मानधन का थकलं, हे विचारायला मला सुचलंही नाही. या वेळी आपण विचारू.

अर्जाचे नमुने मी आणले आहेत, पेनही आहे. जेवणानंतर पहिल्या टेबलावर बसतोय.