रिपोर्टमधले स्फटिक



हल्ली आपल्या ग्रुपवर शुभेच्छांपेक्षा रिपोर्टच जास्त येतात. ‘लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक’ एवढं वाचून दोघींनी मला रात्री घाबरून फोन केला. मी डॉक्टर नाही, कोड लिहिते. पण मुतखड्याची कळ सोसली आहे, म्हणून बोलते.

स्फटिक दिसले म्हणजे खडा झालाच, असं नाही. शाळेत तुरटीचे स्फटिक केले होते ना? तसंच हे. पाणी कमी, क्षार जास्त, की ते जमतात. नमुना बराच वेळ थंड पडून राहिला तर बाटलीतसुद्धा तयार होतात. सिस्टिनचे षटकोनी स्फटिक मात्र कधीच दुर्लक्ष करण्यासारखे नसतात. तो जन्मजात दोष. आणि कळ, ताप किंवा लघवीत रक्त असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

दूध बंद करू नका. अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं.

खडा होऊन गेलेल्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. आपण बायका प्रवासात पाणीच पीत नाही, स्वच्छतागृहाच्या धास्तीने. आजही कितीतरी बाटल्या सकाळपासून भरलेल्याच दिसताहेत. जिन्याखालचं स्वच्छतागृह मी बघून आलेय, चांगलं आहे. प्या बिनधास्त.