दृष्टि आणि संहार

लहान मुलाची दृष्ट काढतांना घरांतली वडीलधारी बाई मीठमोहऱ्या उतरून विस्तवांत टाकते आणि त्या तडतडल्या म्हणजे तिच्या जिवाला स्वस्थता वाटते. नजरेंत कांहीं सामर्थ्य असतें ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पुराणांत तर तिला भव्य रूप आलें. कपिलमुनींनीं डोळे उघडून नुसतें पाहिलें आणि सगराचे साठ हजार पुत्र भस्म झाले; शंकराच्या तृतीय नेत्रानें मदन जळाला. ग्रीक लोकांची मेड्यूसा याच कुळांतली. तिच्या मस्तकावर केसांच्या जागीं सर्प वळवळत आणि जो तिच्याकडे पाही तो शिळा होऊन पडे. पर्सियसनें ढालींतल्या प्रतिबिंबाच्या आधारें तिचा शिरच्छेद केला, तेव्हां कोठें ती आपत्ति टळली. याच मेड्यूसेचें नांव घेऊन 'द मेड्यूसा टच' हा चित्रपट १९७८ सालीं इंग्लंडांत निघाला.

पीटर व्हॅन ग्रीनवे यांची या नांवाची कादंबरी १९७३ सालीं प्रसिद्ध झाली होती. दिग्दर्शन जॅक गोल्ड यांचें. पटकथा जॉन ब्रायली यांची. आणि येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे कीं, हेच ब्रायली पुढें १९८२ च्या 'गांधी' या चित्रपटाचे लेखक झाले व त्या लेखनाबद्दल त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. केवळ द्वेषाच्या बळावर जग उलथूं पाहणारा माणूस ज्या लेखणीनें रंगविला, तिनेंच चारच वर्षांनीं अहिंसेच्या पुजाऱ्याचें चरित्र रंगवावें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

कथेचा आरंभ एका रात्रीं लंडनमधील एका घरांत होतो. जॉन मॉर्लर नांवाचा कादंबरीकार दूरचित्रवाणीवर चंद्राकडे गेलेल्या यानाच्या संकटाची बातमी पहात बसला असतां, कोणीतरी त्याच्या डोक्यावर घाव घालतें. तपासासाठीं येतो ब्रुनेल हा फ्रेंच पोलीस अधिकारी. तो कांहीं काळापुरता लंडनच्या पोलिसांत आलेला आहे. प्रेत म्हणून ज्याच्याकडे सारे पहात असतात, तें प्रेत श्वास घेतें! मॉर्लरला इस्पितळांत नेतात. देह निश्चेष्ट, तोंडाला पट्ट्या बांधलेल्या, आणि यंत्राच्या कागदावर मेंदूच्या हालचालीची रेषा मात्र अखंड धांवत आहे.

मारेकरी शोधतां शोधतां ब्रुनेलच्या हातीं मॉर्लरच्या रोजनिशा लागतात आणि तपासाची दिशाच फिरते. घाव कोणी घातला यापेक्षां ज्याला घाव बसला तो कोण, हा प्रश्न मोठा होतो. लहानपणीं नरकाग्नीचें भय घालणारी कठोर दाई आजारांत मरते. आईबाप समुद्रकांठच्या कड्यावरून मोटारीसह कोसळतात. शाळेंत एक शिक्षक त्या मुलाचा अपमान करतो आणि पुढें शाळा जळते. या प्रसंगाजवळ प्रेक्षकानें क्षणभर थांबावें. मुलाला चारचौघांत हिणविणें हें मास्तरांना शिस्तीचें साधन वाटतें. मुलाच्या मनांत तें किती वर्षें धुमसत राहील याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटांत नसतो. मॉर्लर पुढें बॅरिस्टर होतो. त्याच्या अशिलाला कठोर शिक्षा देणारा न्यायाधीश मरतो. त्याच्याशीं भांडणारी शेजारीण खिडकींतून उडी टाकते.

यांतील प्रत्येक मृत्यूला लौकिक कारण देतां येतें आणि चित्रपटाचें खरें बळ येथेंच आहे. रोग होता, मोटार घसरली, आग लागली, मन बिघडलें. एकेक घटना सुटी घेतली तर कोणताही समंजस मनुष्य हंसून सोडून देईल. डॉक्टर झोनफेल्ड ही मॉर्लरची मनोवैद्य विदुषी हेंच करीत असते. शेवटीं तिच्या देखत तो आकाशांतल्या एका विमानावर दृष्टि रोखतो आणि तें विमान एका उंच इमारतीवर आदळतें. हें दृश्य १९७८ सालीं केवळ कल्पनेचा खेळ होतें. ११ सप्टेंबर २००१ नंतर तें पाहणाऱ्याच्या अंगावर निराळाच कांटा उभा राहतो.

मनोबलानें दूरच्या वस्तूवर परिणाम घडविण्याच्या या कल्पित शक्तीला टेलिकिनेसिस म्हणतात. त्या दशकांत तिचें वेडच पसरलें होतें. युरी गेलर यानें १९७३ सालीं बीबीसीच्या कार्यक्रमांत कांटेचमचे वांकविले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील एका कार्यक्रमांत, साहित्य त्याच्या हाताबाहेर ठेवलें गेलें असतां, त्याला कांहींच करतां आलें नाहीं. त्यापूर्वीं ड्यूक विद्यापीठांत जे. बी. र्‍हाइन यांनीं फांसे टाकून पुष्कळ प्रयोग केले होते. परंतु कोणालाही पुनःपुन्हा पडताळतां येईल असा पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं. चित्रपटाला त्याची गरजहि नाहीं. त्याचा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नसून न्यायाचा आहे. केवळ इच्छेनें झालेला वध कोणत्या कलमाखालीं घालावयाचा?

आपल्याकडील दुर्वासाहि कोपिष्टच. परंतु शाप देतांना तपस्व्याचें तप वेंचतें आणि शापाला बहुधा उःशाप असतो. मॉर्लरच्या कोपाला किंमत नाहीं आणि उतारहि नाहीं. राष्ट्राचे मोठमोठे मानकरी जेथें जमावयाचे, तें जीर्ण महामंदिर त्यांच्याच मस्तकांवर पाडण्याचा त्याचा संकल्प आहे. झोनफेल्डनेंच त्याच्यावर घाव घातला होता, हें उघड होतें तेव्हां तिला अपराधी म्हणावें कीं एकटीच शहाणी म्हणावें, हें ठरविणें कठीण जातें. आणि ब्रुनेल? जन्मभर कायद्याची चाकरी केलेला तो गृहस्थ शेवटीं इस्पितळांत धांवतो आणि निश्चेष्ट रोग्याचीं जीवरक्षक यंत्रें स्वतःच्या हातानें तोडून टाकतो.

दोष नाहींत असें नाहीं. भूतकाळाचे प्रसंग वारंवार येऊन कथेचा वेग मोडतो आणि मॉर्लरचीं भाषणें कधीं कधीं व्यासपीठावरचीं वाटतात. महामंदिराचीं बाहेरचीं दृश्यें ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्यें घेतलीं आहेत. तें कोसळतें त्या भागांतील कृत्रिमता आजच्या डोळ्याला जाणवते. परंतु रिचर्ड बर्टन यांचा आवाज आणि ते डोळे! आदल्याच वर्षीं 'इक्वस' या चित्रपटांत ते मनोवैद्य होते. येथें रोगी झाले. ब्रुनेलच्या भूमिकेंतले लिनो व्हेंचुरा एके काळचे मल्ल. त्यांचा रुंद, थकलेला, फारसें न बोलणारा चेहरा या अद्भुताला जमिनीवर धरून ठेवतो.

यंत्रें तुटूनहि मॉर्लर मरत नाहीं. त्याचा हात हलतो आणि कागदावर एकच शब्द उमटतो : विंडस्केल. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील या ठिकाणीं अणुबाँबसाठीं प्लुटोनियम तयार करणाऱ्या भट्टीला ऑक्टोबर १९५७ मध्यें आग लागली होती आणि सुमारें ५०० चौरस किलोमीटर टापूंतील दूध कित्येक दिवस ओतून द्यावें लागलें होतें. १९७७ सालीं तेथील नव्या कारखान्याविषयीं जाहीर चौकशी झालेली असल्यामुळें, १९७८ च्या इंग्रज प्रेक्षकाला तो शब्द समजावून सांगावा लागला नाहीं. पुढें १९८१ सालीं त्या जागेचें नांव बदलून सेलाफील्ड करण्यांत आलें. त्या जळालेल्या भट्टीचें अंतरंग मात्र अद्याप पुरतें उपसून झालेलें नाहीं.