खाडी, पंचांग आणि पडद्यावरील प्रयोगशाळा



राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेल्या आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागते, दिघीकडे निघालेली वाहने एकेक करून तिच्यावर चढतात आणि बोट किंचित खाली बसते. बंदरावर वाढलेल्या मुलाने हे दृश्य शेकडो वेळा पाहिलेले असते. तोच मुलगा वर्गात आर्किमिडीजचा सिद्धान्त घोकून अचूक लिहितो. पण या दोहोंचा संबंध त्याच्या मनात जुळलेला असतोच असे नाही. अनुभव खाडीत राहतो, सूत्र वहीत राहते आणि गणित-विज्ञान हे आपले क्षेत्र नव्हे, अशी समजूत करून घेऊन एक निरीक्षक बुद्धी त्या वाटेवरून मागे फिरते. ही हानी थोडी नाही.

हे अंतर कमी करण्याचे एक साधन आज उपलब्ध आहे. त्याचे नाव सिम्युलेशन, म्हणजेच संगणकाच्या पडद्यावरील आभासी प्रयोग. चित्रफीत पाहणारा केवळ प्रेक्षक असतो. येथे विद्यार्थी स्वतः वजन वाढवतो, द्रव बदलतो आणि परिणाम तत्काळ पाहतो. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्याआधीच्या वर्षी त्यांना ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्या द्रव्यावस्थेच्या नावात आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव आइन्स्टाइनच्या जोडीने गुंफलेले आहे. 'फेट'चे प्रयोग विनामूल्य असून त्यांतील अनेक मराठीत उपलब्ध आहेत. एकदा उतरवून घेतले की ते इंटरनेटवाचूनही चालतात. आपल्या देशात मुंबईच्या सी-डॅकने आणि अमृता विश्वविद्यापीठाने शालेय अभ्यासक्रमासाठी 'ओलॅब्ज' ही आभासी प्रयोगशाळा उभारली आहे.

आता पुन्हा फेरीबोटीकडे वळू. समजा, पाण्याच्या रेषेवर बोटीचे क्षेत्रफळ २०० चौरस मीटर आहे, तिच्या बाजू सरळ उभ्या आहेत आणि तिच्यावर १० टनांचा भार चढला. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १,०२५ किलो असते. म्हणजे १० टनांसाठी साधारण पावणेदहा घनमीटर पाणी बाजूला सारले गेले पाहिजे. त्याला २०० ने भागले की उत्तर येते सुमारे पाच सेंटिमीटर. विद्यार्थ्याने हा अंदाज आधी वहीत मांडावा, मग पडद्यावर ठोकळा तरंगवून तत्त्व पडताळावे आणि शेवटी धक्क्यावर जाऊन बोटीच्या कडेला पाणी किती चढले ते पाहावे. तेथे घोकंपट्टीला वावच उरत नाही.

दुसरे उदाहरण भरतीचे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, ही कोकणपट्टीवरील जुनी रीत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे असे का? एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत तिथी ३०, आणि तेवढ्या काळात चंद्र डोक्यावर येण्याची वेळ पुढे सरकत सरकत पुरे २४ तास मागे पडते. भरती चंद्रामागून चालते. २४ तासांना ३० ने भागा: प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची ही सूट तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी; प्रत्यक्ष वेळ स्थानानुसार थोडी मागेपुढे होतेच. 'फेट'च्या गुरुत्वाकर्षणविषयक प्रयोगात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एकत्र फिरताना दिसतात. ते पाहिलेल्या मुलाला आजोबांचा 'पाऊण' हा निव्वळ ठोकताळा वाटत नाही. त्यामागचा भागाकार त्याला दिसू लागतो.

तथापि, एक सावधगिरी आवश्यक आहे. पडद्यावरील पाण्यात लाट नसते, गाळ नसतो, वारा नसतो. ते कोणीतरी काही गृहीतके धरून रचलेले गणित असते. मापनातील चूक, हाताला लागणारे वजन, उपकरणाचा हट्टीपणा यांचे शिक्षण प्रत्यक्ष प्रयोगातच मिळते. शिवाय प्रश्नावाचून हाती दिलेले सिम्युलेशन हा पाच मिनिटांचा खेळ ठरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी शिक्षकाचा प्रश्न, मग विद्यार्थ्याचा लेखी अंदाज, त्यानंतर पडदा आणि अखेरीस प्रत्यक्ष पडताळा. अंदाज चुकला तर उत्तमच. का चुकला, या शोधातूनच खरे आकलन होते.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. शाळेतील एक चालू संगणक, आधी उतरवून ठेवलेले चार-पाच मराठी प्रयोग आणि महिन्यातून एक तास धक्क्यावर, एवढ्यावर आरंभ करता येतो. किनाऱ्यावरील शाळांना निसर्गाने प्रयोगशाळा दिलेलीच आहे. तिच्यात उभे राहून विचारायचे प्रश्न शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून लिहून काढावेत. पहिला प्रश्न सोपा आहे: पुढच्या अष्टमीला भरती किती वाजता येईल, आणि ती खरोखर किती वाजता आली?