रक्ताची चढण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी शरीरशास्त्रावर काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या घोट्यापाशी जखम झाली, ती चार महिने भरेना. हळद झाली, मलमे झाली. पायांवरच्या निळ्या गाठी त्यांनी दहा वर्षे साडीखाली झाकल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "जखमेचे मूळ या शिरांत आहे." ते कसे, हे मी मुलीच्या शास्त्राच्या पुस्तकावरून समजून घेतले.

आपल्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त फिरते. हृदयापासून रक्त नेतात त्या धमन्या. दर ठोक्याला त्यांत जोराचा लोट येतो, म्हणून त्यांची भिंत जाड व लवचीक असते. मनगटाला नाडी लागते ती धमनीचीच. फाटे फुटत फुटत त्यांच्या केसाहून बारीक केशवाहिन्या होतात. त्यांची भिंत एकाच पेशीच्या थराची. तिच्यातून प्राणवायू व अन्नरस शरीराला मिळतो आणि टाकाऊ ते रक्तात येते. तेथून रक्त हृदयाकडे परत आणतात त्या शिरा. त्यांची भिंत पातळ.

आता सर्वांनी हात खाली सोडा. पंजावरच्या शिरा फुगल्या ना? हात वर करा, मावळतील. खालचे रक्त वर चढायला असे कष्ट पडतात. आपल्या इमारतीत पाणी गच्चीवर चढवायला पंप लागतो, तसा पायांतला पंप म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू. चालताना ते शिरा दाबतात, रक्त वर सरकते आणि शिरांतील झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ सालच्या आपल्या ग्रंथात दंडाला पट्टी बांधून या झडपांचे काम दाखवले.

आपण ओट्यापाशी तासन्‌तास एका जागी उभ्या राहतो. मुली डोंबिवलीहून मुंबईपर्यंत गाडीत उभ्याने जातात. पंप थांबतो, रक्त साचते, शिरा ताणतात, झडपा नीट मिटत नाहीत. गरोदरपणात, किंवा आईला हा त्रास असल्यास, भीती अधिक. साचलेल्या रक्ताने घोट्याजवळची कातडी काळवंडते, दुबळी होते. मग साधे खरचटलेलेही भरत नाही.

म्हणून उभ्या असाल तेव्हा टाचा वरखाली करा, रोज चाला, निजताना पायांखाली उशी घ्या. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारूनच घाला. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर चोळू नका. आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आनंदीबाई जोशी यांचे माहेर आपल्या कल्याणचे. बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून त्या सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. आज आपल्याला डॉक्टर जवळ आहेत, तरी आपण दुखणे झाकतोच.

जाऊबाईंची जखम पट्ट्या बांधून आणि उपचार घेऊन भरली. आज त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत. "माझे नाव सांगू नकोस, पण पायाचे सांग," असे त्यांनीच मला बजावले. ते सांगितले.