पारो, आयबो आणि आमची आई
(मेळाव्यात केलेलं भाषण)



'तुझ्या कामाबद्दल काहीतरी बोल' असं मला सांगितलंय. दहावीत विज्ञानात काठावर पास झालेल्या मुलीला यंत्रमानवांवर बोलायला उभं केलंय, यावरून सरांनी काय तो अंदाज बांधावा.

यंत्रमानव म्हटलं की मोटारीच्या कारखान्यातला वेल्डिंग करणारा लोखंडी हात डोळ्यांसमोर येतो. मी बोलणार आहे ते बिनकामाच्या यंत्रमानवांबद्दल. ते भांडी घासत नाहीत, केर काढत नाहीत. खेळतात आणि लाड करून घेतात, एवढंच. नोकरीनिमित्त नऊ वर्षं मी जपानात होते, तिथे यांची माझी गाठ पडली.

त्यांतला सगळ्यांत गाजलेला म्हणजे आयबो. जून १९९९ मध्ये सोनी कंपनीने हा यंत्र-कुत्रा विक्रीला काढला. किंमत अडीच लाख येन. तरी जपानसाठी राखलेले ३,००० कुत्रे वीस मिनिटांत संपले! जपानीत 'आयबो' म्हणजे जोडीदार, सवंगडी. गुलाबी चेंडू दिसला की हा त्याच्या मागे जायचा, पाय मारायचा. हाक मारली तर कधी यायचा, कधी नाही. न येणं हा बिघाड नव्हता बरं का. बनवणाऱ्यांनी मुद्दाम तसं केलं होतं. सांगितलेलं सगळं ऐकतो त्याला आपण यंत्र म्हणतो, थोडा हट्ट केला की तो घरचा होतो. (हे आमच्या वर्गाला लागू होतं का, बाईंनी सांगावं.)

२००६ मध्ये आयबोचं उत्पादन थांबलं आणि २०१४ मध्ये कंपनीची दुरुस्तीही. मग काही जुन्या तंत्रज्ञांनी हे काम हाती घेतलं. नवे सुटे भाग मिळेनात, म्हणून बंद पडलेल्या कुत्र्यांचे भाग काढून दुसऱ्यांना बसवायचे. पण भाग काढण्याआधी चिबा प्रांतातल्या इसुमी गावी, कोफुकुजी या बौद्ध मंदिरात, त्या कुत्र्यांसाठी सूत्रपठण व्हायचं. ओळीने मांडलेले कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात तो कुठल्या घरातून आला त्याची चिठ्ठी. २०१८ पर्यंत अशा सुमारे ८०० कुत्र्यांना निरोप दिला गेला. फोटो पाहून मी आधी हसले. मग आठवलं, खंडेनवमीला आमची आई शिवणयंत्राला झेंडूची माळ घालायची आणि त्या दिवशी त्याला हात लावू द्यायची नाही.

दुसरी पारो. देवदासची नव्हे; 'पर्सनल रोबो'च्या जपानी उच्चारातलं हे नाव. पांढऱ्या केसांचं सीलचं पिल्लू, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं. ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं. सीलच का? तर कुत्रं-मांजर सगळ्यांच्या ओळखीचं असतं, लोक लगेच खऱ्याशी तुलना करतात. सील कुणी मांडीवर घेतलेलं नसतं. केसांखाली स्पर्श ओळखणारी यंत्रणा असते. कुरवाळलं की डोळे मिटतं, मारलं की ओरडतं, आणि चार्जिंगसाठी त्याच्या तोंडात चोखणी द्यावी लागते. २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता मिळाली.

रविवारी मी एका वृद्धाश्रमात मदतीला जात असे. तिथल्या एक आजी कुणाशीच बोलत नसत. पारो मांडीवर दिलं की त्या त्याच्याशी बोलत, अगदी खालच्या आवाजात, तासभर. एमआयटीतल्या शेरी टर्कल यांनी यावरच आक्षेप घेतलाय. ज्या यंत्राला म्हातारपण, दुःख, मरण यांतलं काही कळत नाही, त्याच्यापुढे माणसाला मन मोकळं करायला बसवून आपण उठून जातो, हे बरं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा तो विचार पुस्तकी वाटला. आजींचा चेहरा मी स्वतः पाहत होते ना!

मग वेळ आमच्याच घरावर आली. बाबा गेल्यावर आई वाड्यात एकटी राहायची. डबा खाऊन तिचा लाडू ज्यांनी पळवला, ते इथे निम्मे तरी बसलेत. तिला विसर पडायला लागला. मला रजा मिळेना. खरं सांगायचं तर मी फारशी मागितलीही नाही. पारो परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून बॅटरीवर चालणारं, पाठीवरून हात फिरवला की घुरघुरणारं एक मांजर मी पाठवून दिलं.

फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला, "याला भूक लागते का गं?" मी म्हटलं, "नाही आई, बॅटरी आहे." "असं कसं?" म्हणाली. त्यानंतर रोज ती त्याच्यापुढे बशीत दूध ठेवायची. महिन्याभरात ते पितच नाही म्हणून तिने चमच्याने पाजलं. मांजर बंद पडलं. ते आजारी आहे, ये, म्हणून तिने मला फोन केला. एरवी स्वतःसाठी ती कधी 'ये' म्हणाली नव्हती. मी आले, पण दोन महिन्यांनी.

त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी तुमच्यातलीच एकजण तिच्याजवळ जाऊन बसायची. नाव घेतलेलं तिला आवडणार नाही. ती आत्ता खाली मान घालून बसली आहे. मांजराबद्दल तिने आईला काय सांगितलं असेल? "काकू, डॉक्टरकडे पाठवलंय, बरं होऊन येईल." आणि मांजर स्वतःच्या घरी नेऊन उन्हात वाळवत ठेवलं.

आई गेली त्याला आता तीन वर्षं झाली. मांजर मी उघडून पाहिलं. मान हलते, घुरघुर येत नाही. आज पिशवीत घेऊन आले आहे. चहाच्या वेळी सरांनी जरा बघावं, कुठली वायर सुटलीये ते.